रतनगड ते हरिश्चंद्रगड, पाच दिवस सॅक पाठीवर: रोजचा दिवस कसा आखायचा आणि कसा पार पाडायचा

रेंज ट्रेक, म्हणजे डोंगररांगेने मुक्काम करत एका किल्ल्यावरून दुसऱ्यावर जाणं, अर्ध्यात सोडून खाली उतरलेल्या कुठल्याही ग्रुपशी बोललात तर कारणं ठरावीक निघतात. पाणी संपलं, वाटेत अंधार पडला, टाचेला फोड आले, कुणाचं तरी पोट बिघडलं. अवघड कड्यामुळे परतलेले फार थोडे असतात. ही चारही कारणं रोजच्या दिनक्रमातली आहेत आणि दिनक्रम नीट बसवला तर टाळता येतात. एका दिवसाच्या किल्ल्याला सकाळी जाऊन संध्याकाळी परतायची सवय झालेले लोक इथेच चुकतात. एक दिवस कसाही निभावतो, पण चौथ्या दिवशी पहिल्या दिवसाच्या चुका वसूल होतात.

हा लेख रतनवाडी ते खिरेश्वर या मार्गावर बेतला आहे. पहिला मुक्काम रतनगडावर, दुसरा कात्राबाई खिंड उतरून कुमशेतला, तिसरा आणि चौथा हरिश्चंद्रगडावर, आणि पाचव्या दिवशी टोलार खिंडीतून खिरेश्वर. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ गृहीत धरला आहे. पावसाळ्यातले ओढे आणि धुकं, किंवा एप्रिलमधली कोरडी टाकी यांचं गणित वेगळं असतं. पहिल्यांदाच रेंज ट्रेक करणाऱ्यांनी त्या दिवसांत हा मार्ग धरू नये.

टप्पा १: घरी बसून करायचं काम

सगळ्यात मोठी चूक कागदावरच होते. नकाशावर अंतर मोजून त्याचे पाच सारखे भाग केले जातात. डोंगरात दिवस अंतरावर चालत नाही, पाण्यावर आणि उजेडावर चालतो. म्हणून आखणीचा क्रम असा ठेवा.

१. आधी पाण्याच्या जागा लिहा. बारमाही कुठलं, डिसेंबरपर्यंत टिकणारं कुठलं, आणि कुठल्या टप्प्यात पाणी नाही असंच धरून चालायचं. रतनगडावर कातळात खोदलेली टाकी आहेत, कुमशेत आणि पाचनई ही नांदती गावं आहेत, हरिश्चंद्रगडावर देवळाच्या परिसरात टाकी आहेत. कात्राबाईच्या चढावर मात्र पाण्याचा भरवसा धरू नका. ओढ्यात पाणी मिळालंच तर ती जास्तीची सोय समजा.

२. मग मुक्काम ठरवा. मुक्कामाची जागा पाण्यापासून दहा-पंधरा मिनिटांत असायला हवी.

३. त्यानंतर वेळ मोजा. भरलेली सॅक पाठीवर असताना सपाटीला तासाला तीन किलोमीटर धरा आणि दर तीनशे मीटर चढाला एक तास वर टाका. तीव्र उतार वेळ वाचवत नाही, त्यामुळे त्यातून सूट घेऊ नका. आलेल्या बेरजेत विश्रांती आणि जेवणाचे दोन तास मिळवा.

४. शेवटी उजेडाशी ताडून बघा. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास वर येतो आणि संध्याकाळी सहाच्या आसपास मावळतो. सकाळी सातला चाल सुरू करून दुपारी चारला मुक्काम गाठायचा. मधल्या नऊ तासांत तुमची बेरीज बसत नसेल तर टप्पा मोठा आहे, तो तोडा.

चार वाजण्याचा हा नियम लोकांना जाचक वाटतो. पण वाट चुकली, कुणाचा पाय मुरगळला, पाण्याचं टाकं आटलेलं निघालं, तर हातात उजेडाचे दोन तास असतात. पुढचा सगळा लेख या दोन तासांसाठीच आहे असं समजा.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. प्रवेशशुल्क, मुक्कामाचे आणि तंबूचे नियम निघायच्या आठवड्यात विचारून घ्या, ते बदलत असतात. वनखात्याच्या नाक्याची पावती जपून ठेवा.

तपासा: रोजचा मार्ग, मुक्काम आणि खाली उतरण्याची जवळची वाट असलेला एक कागद घरच्या एका माणसाकडे दिला आहे का? त्यावर रेस्क्यू टीमची हेल्पलाइन, १०८ आणि ११२ हे क्रमांक आणि ‘पाचव्या दिवशी रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं’ हे स्पष्ट लिहिलेलं हवं. ‘मी पोचलो की कळवतो’ हा निरोप पुरेसा नाही.

टप्पा २: सॅक भरणं

पाच दिवसांसाठी पाणी धरून सॅक तुमच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नका. ती वर जाते ती बहुतेक कपड्यांमुळे. चालायचा एक जोड, झोपायचा एक कोरडा जोड, एक गरम जाकीट, कानटोपी आणि मोज्यांचे तीन जोड एवढं पुरतं. झोपायचा जोड चालताना अंगावर घालायचाच नाही, कितीही मोह झाला तरी.

भरण्याचा क्रम:

१. आत आधी जाड प्लास्टिकची मोठी पिशवी उघडून बसवा. सॅकवरचं रेनकव्हर पाठीकडून येणारं पाणी आणि घाम अडवत नाही.

२. तळाला स्लीपिंग बॅग आणि झोपायचे कपडे.

३. मध्ये, पाठीला चिकटून, जड वस्तू: शिधा, भांडी, जास्तीचं पाणी. वजन पाठीपासून लांब गेलं की सॅक मागे ओढते आणि खांदे भरून येतात.

४. बाहेरच्या बाजूला हलके कपडे.

५. सगळ्यात वर गरम जाकीट, औषधांची पिशवी, दुपारचा खाऊ.

६. हेड टॉर्च वरच्या कप्प्यात, रोज त्याच जागी. अंधारात टॉर्च शोधायला दुसरी टॉर्च लागावी अशी वेळ येऊ देऊ नका.

कॅरीमॅट बाहेर आडवी बांधली की झुडपांत आणि शिडीच्या वाटेवर अडकते. उभी बांधा. रतनगडाच्या लोखंडी शिड्या चढताना याचा फरक लगेच कळतो: आडव्या मॅटचं टोक कठड्यात अडकलं की माणूस तोल सावरायला एक हात सोडतो, आणि नेमकं तेच तिथे नको असतं.

औषधांत क्रेप बँडेज, मायक्रोपोर टेप, जंतुनाशक मलम, ओआरएस, ताप, जुलाब आणि अॅलर्जीच्या गोळ्या, आणि प्रत्येकाची स्वतःची नेहमीची औषधं. गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या आणि पाकिटावर नाव आणि प्रमाण लिहा.

इशारा: नवे बूट या ट्रेकला घालू नका. निघण्याआधी ते किमान दोन छोट्या ट्रेकला, भरलेल्या सॅकसह, वापरलेले असावेत. पायाची नखं दोन दिवस आधी सरळ कापा. टोलार खिंडीच्या उतारावर लांब नख बुटाला धडकून काळंनिळं होतं.

टप्पा ३: पहाटे पाच ते सात

उठल्यापासून चालायला लागेपर्यंत दोन तास लागतात. नवख्या ग्रुपला तीन लागतात आणि तो तिसरा तास संध्याकाळी अंधारात भरावा लागतो. क्रम ठरलेला असला की घाई होत नाही.

पाचला एक जण उठून चहाचं आधण ठेवतो. ही पाळी रात्रीच ठरलेली असावी. बाकीचे उठल्या उठल्या स्लीपिंग बॅग गुंडाळतात. बाहेर चहा पिऊन परत आत शिरायची सोयच ठेवायची नाही. मग प्रातर्विधी. त्यासाठी खुरपी सोबत हवी. पाण्याच्या जागेपासून, वाटेपासून आणि मुक्कामापासून किमान साठ-सत्तर पावलं दूर जा, वीतभर खोल खड्डा करा आणि नंतर मातीने बुजवा. कातळ असेल आणि खणता येत नसेल तर आणखी दूर, मातीच्या जागी जा. टाक्याच्या वरच्या उतारावर कधीही बसू नका. पहिल्या सरीबरोबर ते सगळं टाक्यात उतरतं आणि पुढच्या वर्षी तेच पाणी कुणीतरी पितं. टिश्यू आणि सॅनिटरी नॅपकिन पुरायचे नाहीत, घट्ट बांधून परत न्यायचे. हात साबणाने धुवायचे, तेही टाक्यापासून लांब. पोट बिघडण्याचं कारण पाण्याइतकंच हातांतही असतं.

नाश्त्याला पोहे किंवा उपमा करा. भरपेट हवाच, नुसत्या चहा-बिस्किटावर निघालेला माणूस दहा वाजता बसकण मारतो. दुपारचा खाऊ याच वेळी प्रत्येकाला वाटून टाका: दशम्या किंवा धपाटे, गूळ-शेंगदाणे, खजूर, राजगिऱ्याचा लाडू. धपाटे घरून नेलेले असतील तर पहिले दोन दिवस टिकतात. पुढे कुमशेतला भाकरी करून मिळते का ते विचारा.

तपासा: निघण्याआधी मुक्कामाच्या जागेवर सगळ्यांनी एका रांगेत चालत एक फेरी मारा. चमचा, मोजा, तंबूची खुंटी, कचरा. याला पाच मिनिटं लागतात आणि काहीतरी सापडतंच.

टप्पा ४: चाल

पहिला अर्धा तास मुद्दाम हळू. शेजाऱ्याशी बोलता येईल एवढ्याच वेगाने. त्यानंतर पहिला थांबा घ्या, जाकीट काढा, बुटांच्या नाड्या पुन्हा बांधा. नंतर पन्नास मिनिटं चाल आणि दहा मिनिटं थांबा. थांब्यावर सॅक पूर्ण उतरवा. दगडाला टेकून उभ्याने घेतलेल्या विश्रांतीने पाठ मोकळी होत नाही.

सर्वात पुढे वाट माहीत असलेला आणि सर्वात मागे अनुभवी माणूस असावा. वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा. पुढची मंडळी थांबून मागच्यांची वाट बघतात आणि मागचे पोचले की लगेच निघतात, ही फार जुनी चूक आहे. त्यात ज्याला विश्रांतीची गरज आहे त्यालाच ती मिळत नाही. मागचा माणूस पोचल्यावर दहा मिनिटं मोजायला सुरुवात करा.

घोट-दोन घोट पाणी दर पंधरा-वीस मिनिटांनी. तहान लागेपर्यंत थांबलात की उशीर झालेला असतो. सोबत काहीतरी खारट असू द्या. ओआरएसची पुडी संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा नेहमीचा चहाचा. मीठ अंदाजाने वाढवू नका.

बुटात कुठे गरम किंवा चुरचुरतंय असं वाटलं की तिथेच थांबा. ‘पुढच्या थांब्यावर बघू’ म्हणायचं नाही. बूट-मोजा काढा, घाम पुसून त्वचा दोन मिनिटं वाऱ्याला कोरडी होऊ द्या, मग लालसर झालेल्या भागावर, त्याच्या चारी बाजूंना बोटभर जास्त, मायक्रोपोर टेप सुरकुती न पडता चिकटवा. टेपचे कोपरे कात्रीने गोल कापा, टोकदार कोपरा मोज्यात सुटतो. मोजा उलटा करून आतलं कुसळ काढा आणि ताणून घाला. एवढं पाच मिनिटांत होतं. हेच संध्याकाळपर्यंत टाळलं तर रुपयाएवढा फोड येतो आणि उरलेले तीन दिवस त्याच्यासोबत काढावे लागतात.

इशारा: कड्यावर किंवा कपारीत आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तर धूर, अत्तर-डिओ, आरडाओरडा, दगड मारणं सगळं बंद. खालून गुपचूप पुढे व्हा. माश्या उठल्याच तर डोकं-चेहरा झाकून दूर पळा आणि दाट झाडीत किंवा तंबूत शिरा. मात्र कड्याच्या दिशेने पळू नका.

टप्पा ५: वाट शोधणं

रतनगडावरून उतरताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्र्यंबक दरवाजाची वाट साम्रदच्या बाजूला उतरते. हरिश्चंद्रगडाकडे जायचं असेल तर शिड्यांच्या बाजूने उतरून जंगलातल्या फाट्यावर कात्राबाई खिंडीची वाट धरायची. हा फाटा चढून येतानाच बघून ठेवा, जमलं तर मोबाइलमध्ये त्याचा फोटो आणि जागा नोंदवा. दुसऱ्या दिवशी सकाळी उतरताना तो दाट झाडीत सहज सुटतो, कारण पायाखालची वाट रतनवाडीकडे जास्त मळलेली आहे आणि पाय आपोआप तिकडेच वळतात.

गुरांच्या वाटा आणि माणसांच्या वाटा वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. ढोरवाट चराईच्या जागी किंवा पाण्यावर पोचली की फुटते, पाच-सहा फाट्यांत विरून जाते. माणसांच्या वाटेवर दगड झिजून गुळगुळीत झालेले असतात, डोक्याच्या उंचीवर कोयत्याने छाटलेल्या फांद्या दिसतात, अवघड जागी पायरीसारखा दगड रचलेला असतो. कारवीत शिरल्यावर दहा मिनिटं यातली एकही खूण दिसली नाही, तर थांबा आणि शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत परत या. ‘पुढे मिळेल कुठेतरी’ म्हणत कारवी तोडत जायचं नाही. परत येण्यात वीस मिनिटं जातात, पुढे जाण्यात दुपार जाते.

इशारा: वाट चुकली म्हणून ओढ्याने किंवा घळीने खाली उतरू नका, विशेषतः पश्चिमेकडे. सह्याद्रीचा तो काठ कोकणात सरळ तुटतो. वरून सोपी वाटणारी घळ शे-दोनशे फूट खाली सुक्या धबधब्याच्या तोंडाशी संपते. तिथून खालीही जाता येत नाही आणि घसाऱ्यावरून वरही येता येत नाही.

वाडीतल्या माणसांना वाट विचारायचीही एक रीत आहे. ‘मामा, पाचनईची वाट हीच ना?’ असं विचारलं की पाहुण्याला नाही कशाला म्हणा, म्हणून ‘हा, हीच’ असं उत्तर येतं. विचारा, ‘मामा, पाचनईला कुठनं जायचं?’ आणि मग मध्ये काय काय लागतं, ओढा, आंब्याचं झाड, देऊळ, ते त्यांच्याकडून ऐकून घ्या. ‘हे काय, अर्ध्या तासात जाल’ म्हटलं तर तो त्यांच्या पायांचा हिशेब आहे. तुमच्या पाठीवर सॅक आहे, दुप्पट धरा, चढ असेल तर तिप्पट. कुमशेतहून पुढे मुळा नदीचं पात्र ओलांडून पाचनई गाठायची असते. त्या टप्प्यात मधल्या वाड्यांमुळे फाटे बरेच आहेत, तिथे गावातला वाटाड्या घेणं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. पैसे आदल्या संध्याकाळीच ठरवा आणि घासाघीस करू नका. या लोकांच्या माहितीवरच आपले ट्रेक उभे आहेत.

मोबाइलवर मार्गाचा जीपीएस ट्रॅक आणि नकाशा ऑफलाइन उतरवलेला असावा, आणि तो दोघांच्या फोनमध्ये. दिवसभर फोन फ्लाइट मोडवर ठेवा. नेटवर्क शोधत राहिलेली बॅटरी दुपारीच संपते. थंडीतही बॅटरी लवकर उतरते, रात्री फोन आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगमध्ये घ्या.

टप्पा ६: पाणी

माणशी तीन लिटर पाणी घेऊन सकाळी निघा. कात्राबाईच्या दिवशी चार. ‘जड होतं’ म्हणून बाटली रिकामी नेणारा माणूस दुपारी दुसऱ्याचं पाणी पितो, मग दोघंही अडचणीत येतात.

टाक्यातून पाणी घेण्याचा क्रम:

१. आधी टाकं बघा. मेलेला प्राणी, साबणाचा तवंग, कचरा दिसला तर दुसरं टाकं. त्या परिसरात राहणाऱ्यांना पिण्याचं टाकं कुठलं ते विचारा.

२. पृष्ठभागावरचं शेवाळ हाताने नको, भांड्याच्या कडेने अलगद बाजूला सारा. हात आणि तोंडाला लावलेली बाटली टाक्यात बुडवू नका. दोरी बांधलेल्या स्वच्छ भांड्याने काढा.

३. जुन्या सुती धोतराचं किंवा पंचाचं चार पदरी कापड भांड्यावर ताणून त्यातून गाळा. कापडाची कुठली बाजू वर होती ते लक्षात राहावं म्हणून एका कोपऱ्याला गाठ मारा. पुढच्या वेळी उलट्या बाजूने गाळलंत तर अडकलेली घाण स्वच्छ पाण्यात येते.

४. गाळून झाल्यावर उकळा किंवा क्लोरीनचे थेंब टाका. प्रमाण पाकिटावर असतं. थेंब टाकल्यावर अर्धा तास थांबा. नुसतं गाळलेलं पाणी दिसायला नितळ असतं, पिण्यालायक झालेलं नसतं. इथेच सर्वाधिक लोक चुकतात.

हरिश्चंद्रगडावरच्या सप्ततीर्थ पुष्करणीत आणि केदारेश्वराच्या गुहेतल्या पाण्यात उतरून अंघोळ, कपडे धुणं करू नका.

टप्पा ७: दुपार

अकरा ते साडेअकराच्या सुमारास सावलीला मोठा थांबा, तासाभराचा. बूट-मोजे काढा, मोजे सॅकवर वाळत घाला, पाय वर करून बसा. खा, पण पोटाला तडस लागेपर्यंत नाही. इथे बाटल्या एकत्र ठेवून सगळ्यांचं पाणी मोजा.

याच वेळी दिवसाचा निर्णय होतो. ठरलेल्या अंतराच्या निम्म्याहून कमी झालं असेल आणि पाणीही निम्म्याखाली आलं असेल, तर पुढचा मुक्काम आजच्या आज गाठायचा हट्ट सोडा. जवळच्या वाडीत थांबा. दुपारी बाराला घेतलेला हा निर्णय सोपा असतो. पाच वाजता तो घ्यायला फार कमी पर्याय उरतात.

टप्पा ८: मुक्काम

चारला पोचल्यावर लगेच पसरायचं नाही. अंगातला घाम निवायच्या आत गरम कपडे घाला, मग कामं वाटून घ्या: दोघं पाण्याला, दोघं तंबू किंवा गुहेची जागा साफ करायला, एक जण चुलीपाशी. अंधार पडायच्या आत पाणी, निवारा आणि स्वयंपाक ही तीन कामं आटपली पाहिजेत.

जागा निवडताना सुकलेला ओढा, कड्याची धार, दगड सुटत असलेली भिंत आणि मुंग्यांची वारुळं टाळा. गुहेत झोपणार असाल तर कोपरे आणि कपारी टॉर्चने नीट बघा, काठीने आवाज करा, मगच मॅट टाका. देवाच्या जागी चपला-बूट बाहेर.

शेकोटी या ट्रेकमध्ये नको. अभयारण्य आहे, हिवाळ्यात गवत वाळलेलं असतं आणि एका ठिणगीने अख्खा उतार जळतो. गॅसचा बर्नर वापरा. चौघांना दिवसाला साधारण शंभर ग्रॅम गॅस लागतो, तोही भांड्यावर झाकण ठेवलं आणि बर्नरला वाऱ्याचा आडोसा केला तर. मुगाची डाळ आणि तांदूळ पोचल्या पोचल्या भिजत घाला, तंबू लागेपर्यंत भिजतात आणि खिचडीला निम्माच वेळ लागतो. माणशी शंभर ग्रॅम तांदूळ आणि चाळीस-पन्नास ग्रॅम डाळ पुरते. तिखट-मीठ-हळद-जिरं घरीच एकत्र करून रोजची वेगळी पुडी बांधा.

इशारा: बंद तंबूत किंवा झाकलेल्या गुहेत बर्नर लावू नका, झोपण्यापूर्वी ऊब म्हणूनही नाही. विषारी वायू साचतो आणि त्याला वास नसतो.

भांडी मातीने पुसून, थोड्या पाण्यात, टाक्यापासून लांब धुवा. उष्टं-खरकटं उघड्यावर टाकलं की रात्री उंदीर येतात, उंदरांच्या मागे साप येतात आणि सकाळी माकडं येतात. शिधा बंद डब्यात, सॅकच्या आत.

टप्पा ९: झोपण्यापूर्वी

दिवसातला सगळ्यात मोलाचा अर्धा तास हा आहे, आणि थकून सगळे नेमका तोच सोडतात. पाय कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून कोरडे करा, बोटांच्या बेचक्यात पावडर लावा, कोरडे मोजे घाला. फोड आलाच असेल तर न फोडता झाका. फुटलेला असेल तर जंतुनाशक लावून पट्टी. मग सगळ्यांनी मिळून उद्याचा टप्पा वाचा: पहिलं पाणी कुठे, फाटे कुठे, चढ कुठे, चहाची पाळी कुणाची. बाटल्या रात्रीच भरून ठेवा.

बूट उलटे करून तंबूच्या आत ठेवा आणि सकाळी झटकूनच पाय घाला. गुहेत किंवा पडवीत जमिनीवर झोपताना तंबूची आतली जाळी किंवा मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्या. मण्यार रात्री फिरतो, झोपलेल्या माणसाला चावतो आणि त्याच्या दंशाला दुखतही फार नाही. मध्यरात्री विनाकारण पोटात दुखणं, पापण्या जड होणं, गिळायला त्रास होणं याकडे दुर्लक्ष करू नका.

साप चावला तर: माणसाला चालवू नका, चावलेला अवयव फळीने किंवा काठीने बांधून स्थिर ठेवा, अंगठी-कडं काढा, वेळ लिहून ठेवा आणि जवळच्या सरकारी रुग्णालयाकडे न्या. वर घट्ट दोरी बांधणं, चिरणं, चोखणं यातलं काहीही करू नका. म्हणूनच प्रत्येक मुक्कामावरून गाडीरस्ता किती लांब हे आधी माहीत हवं. पाचनईपर्यंत गाडी येते, हरिश्चंद्रगडावरून सुटकेची जवळची वाट तीच.

टप्पा १०: गडावरचा मोकळा दिवस आणि शेवटचा उतार

हरिश्चंद्रगडावरचा चौथा दिवस मुद्दाम मोकळा ठेवला आहे. आधी कुठे उशीर झाला असेल तर तो इथे भरून निघतो, सगळं वेळेवर झालं असेल तर केदारेश्वराची गुहा, तारामती शिखर आणि कोकणकडा निवांत बघता येतात. कोकणकड्याच्या काठाशी जाताना शेवटची दोन-तीन मीटर पोटावर सरपटत जा. वारा आडवातिडवा असतो आणि काठावरची खडी सुटी आहे. खाली दगड टाकू नका. नळीच्या वाटेने लोक चढत असतात, ते वरून दिसत नाहीत.

पाचव्या दिवशी टोलार खिंडीकडे निघताना पठारावरच्या छोट्या टेकड्या ओलांडाव्या लागतात. धुकं असेल तर ते विरेपर्यंत थांबा, इथे वाट चुकणं फार सोपं आहे. त्यानंतरच्या कातळटप्प्यावर रेलिंग आहे. तिथे एका वेळी एक जण, तोंड कातळाकडे, सॅकचा कमरपट्टा घट्ट. खिंडीत व्याघ्रशिल्प दिसलं की थांबून दिशा पक्की करा: एक वाट खिरेश्वरला उतरते, दुसरी कोथळ्याकडे. अपघात बहुतेक वेळा अशाच शेवटच्या उतारावर होतात, कारण डोक्याने आपण घरी पोचलेलो असतो. म्हणून उतार सुरू करण्याआधी पुन्हा नाड्या बांधा, टाच घट्ट आणि पंजा जरा सैल, गुडघे किंचित वाकवून छोटी पावलं टाका आणि पन्नास मिनिटांचा नियम इथेही पाळा.

खिरेश्वरात पोचल्यावर आधी माणसं मोजा, मग नेटवर्क मिळेल तिथून घरी कागद दिलेल्या माणसाला फोन करा. खुबी फाट्यावर एसटी किंवा जीप मिळते, शेवटची गाडी किती वाजता हे गावात विचारून मगच जेवायला बसा. घरी गेल्यावर तंबू आणि स्लीपिंग बॅग सावलीत उलगडून वाळवा, पाण्याच्या बाटल्या क्लोरीनच्या पाण्याने धुवा, आणि पाण्याच्या जागांच्या यादीत कुठलं टाकं भरलेलं होतं आणि कुठला ओढा आटलेला, ते तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या ग्रुपला तीच यादी द्या.